लोहारा कोळसा खाण आणि पर्यावरणीय मंजुरीची प्रक्रिया : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात दगडी कोळशाला फारसे स्थान मिळालेले नाही आणि ते स्वाभाविकच मानले गेले आहे. लातूर जिल्हा व नांदेड जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. ज्या गोंडवन खडकांत कोळशाचे थर सापडतात ते पूर्वेला, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या संगमाच्या परिसरात आढळतात. शेतीचा इतिहास, दुष्काळाचा इतिहास, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास हे मराठवाड्यातील संशोधकांचे नेहमीचे विषय राहिले आहेत. खाणींचा इतिहास मात्र विदर्भाचा म्हणून बाजूला पडला.

ही विभागणी दोन कारणांनी अपुरी ठरते. खाणपट्ट्याचा काही भाग स्वातंत्र्योत्तर काळात नांदेड जिल्ह्यातच होता, हे एक कारण. दुसरे असे की, चंद्रपूर जिल्ह्यातील एका न झालेल्या खाणीचा खर्च राज्यभरातील वीजग्राहकांच्या दराशी जोडला गेला आणि त्यात नांदेड-लातूरचे ग्राहकही आले. ती न झालेली खाण म्हणजे लोहारा. ताडोबाच्या जंगलालगत प्रस्तावित असलेल्या या खुल्या खाणीचा पर्यावरणीय परवानगीचा प्रवास २००८ मध्ये सुरू झाला व २०१० मध्ये थांबला. या प्रकरणाकडे सामान्यतः वन्यजीव संवर्धनाचा विजय म्हणून पाहिले जाते. तो विजय होता यात शंका नाही. परंतु परवानगीच्या प्रक्रियेचा इतिहास म्हणून त्याकडे पाहिल्यास वेगळेच चित्र समोर येते. पर्यावरणाचा प्रश्न सर्व आर्थिक निर्णय होऊन गेल्यावर, अगदी शेवटी विचारला गेला. आणि त्या उशिराची किंमत ज्यांचा निर्णयाशी काहीही संबंध नव्हता त्यांच्याकडे गेली. प्रस्तुत लेखात या क्रमाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

नांदेड जिल्ह्यातील कोळसा :

वर्धा खोऱ्यातील आधुनिक कोळसा उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. ब्रिटिश मध्य प्रांतातील वरोरा येथे सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली व १९०६ पर्यंत चालली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्यात आला तो प्रामुख्याने या कोळशासाठीच. नदीच्या अलीकडे ब्रिटिश मुलूख आणि पलीकडे निजामाचे राज्य अशी त्या वेळची स्थिती होती. पलीकडच्या राजुरा भागातही सास्ती व पवनी या गावांच्या परिसरात कोळसा असल्याचे जुन्या गॅझेटिअरांनी नोंदविले आहे.

हैदराबाद संस्थानात खाणकामाच्या परवानगीचा प्रश्न फार लवकर वादग्रस्त झाला, ही बाब येथे नमूद करण्यासारखी आहे. १८८६ मध्ये लंडनस्थित हैदराबाद डेक्कन कंपनीला संस्थानातील खनिजांचे व्यापक हक्क देण्यात आले. या सवलतीच्या व्यवहारात व कंपनीच्या समभागांत झालेल्या गैरप्रकारांची चर्चा ब्रिटिश संसदेपर्यंत पोचली. १८८८ मध्ये त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली आणि निजाम सरकारचे अधिकारी सरदार अब्दुल हक यांना पद गमवावे लागले. त्या चौकशीचा सगळा रोख पैशावर होता. जमीन, पाणी, जंगल किंवा खाणीशेजारची गावे हा परवानगीचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. याच कंपनीच्या खाणकामातून पुढे १९२० मध्ये सिंगरेणी कोलिअरीज ही कंपनी आकाराला आली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील मराठीभाषक भाग मुंबई राज्याकडे आला. किनवट नांदेडमध्ये आले आणि तेथेच राहिले. राजुरा तालुकाही प्रथम नांदेड जिल्ह्यालाच जोडण्यात आला होता. १९५९ मध्ये तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला. ही तीन वर्षे नांदेडच्या स्थानिक इतिहासात जवळजवळ विस्मृतीत गेली आहेत. त्या वेळच्या राजुरा तालुक्यातूनच पुढे कोरपना व जिवती हे तालुके निर्माण झाले. आज सास्ती, गौरी, पवनी येथील वेकोलिच्या खुल्या खाणी आणि कोरपना तालुक्यातील पैनगंगा खाण ज्या भूमीवर आहेत ती भूमी १९५६ ते १९५९ या काळात नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत होती. जिल्ह्याची सीमा सरकली नसती तर आज या खाणींच्या जनसुनावण्यांचे अध्यक्षस्थान नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

आधी जमीन, नंतर मंजुरी :

राजुरा नांदेडमध्ये असतानाच, १९५७ मध्ये, संसदेने कोळसाधारक क्षेत्र संपादन व विकास कायदा केला. कोळशाच्या इतिहासात या कायद्याचे महत्त्व राष्ट्रीयीकरणापेक्षा कमी नाही. केंद्र सरकारने राजपत्रात आधी शोधकार्याची, नंतर संपादनाच्या इराद्याची आणि अखेर संपादनाची घोषणा केली की जमीन सर्व भारांतून मुक्त होऊन केंद्राकडे निहित होते, अशी त्याची रचना आहे. इराद्याच्या अधिसूचनेनंतर हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी तीस दिवस मिळतात. ज्याच्या नावावर जमीन आहे किंवा जमिनीत ज्याचा हक्क आहे त्यालाच येथे स्थान आहे. शेतमजूर, गुराखी, मासेमारी करणारी कुटुंबे, खाणीच्या पलीकडच्या गावातील विहिरीचे पाणी पिणारे लोक यांना या कायद्याने काही विचारलेले नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास व संमतीच्या तरतुदी आल्या. परंतु कोळसाधारक क्षेत्राचा कायदा त्या प्रक्रियेतून वगळण्यात आला. मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या नंतर लागू झाल्या.

कोकिंग कोळशाच्या खाणींपाठोपाठ १९७३ मध्ये उर्वरित कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया अस्तित्वात आली आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे स्थानिक बोलीतील 'वेकोलि', वर्धा खोऱ्याची मालक झाली. याच सुमारास भूमिगत खाणींकडून खुल्या खाणींकडे निर्णायक वळण घेतले गेले. वर्धा खोऱ्यात कोळसा बहुतांशी एकाच जाड थरात आहे आणि जेथे तो थर पृष्ठभागाजवळ येतो तेथे वरची माती काढून तो उचलणे स्वस्त पडते. काढलेली माती व दगड खाणीशेजारी रचले जातात. या परिसरातील प्रवाशाला दुरूनच दिसणाऱ्या सपाट माथ्याच्या टेकड्या बहुधा निसर्गनिर्मित नसतात. अभियांत्रिकी भाषेत त्यांना ओव्हरबर्डन म्हणतात; गावकऱ्यांच्या लेखी ते मातीचे ढिगारे. त्यांतील बरेचसे नदी-नाल्यांच्या काठाने आहेत.

या वळणाच्या काळात पर्यावरणीय परवानगी ही कायदेशीर संस्था भारतात नव्हती. १९७४ चा जल कायदा व १९८१ चा वायू कायदा प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मागत होते; १९८० चा वनसंवर्धन कायदा वनजमिनीपुरता होता. भोपाळनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. जनसुनावणी सक्तीची झाली ती १९९७ च्या दुरुस्तीने. म्हणजे वर्धा खोऱ्यातील खुल्या खाणींचा पहिला मोठा विस्तार झाला तेव्हा त्यांच्याविषयी लोकांना सार्वजनिकरीत्या विचारण्याची तरतूदच नव्हती. नंतरच्या मंजुऱ्या बऱ्याच अंशी आधीच खोदलेल्या जमिनीच्या विस्तारासाठी मागितल्या गेल्या.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेता येईल. तेथे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला आणि १९७७ मध्ये केवळ खुल्या कोळसा खाणींसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याने जमीन साधारणपणे मूळ उंचसखलपणाला आणून देण्याची जबाबदारी खाणमालकावर टाकली आणि त्यासाठीचे तारण खोदकामापूर्वीच घेण्याची अट घातली. भारतात खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात रक्कम भरण्याची मार्गदर्शक तत्त्वे कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये काढली; खुल्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. अमेरिकन कायद्याचीही अंमलबजावणी निर्दोष नाही, ॲपलाचियाच्या डोंगरांवरून ते दिसतेच. तरी दोन्ही देशांतील बत्तीस वर्षांचे अंतर डोळ्यांत भरते.

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने सध्याची चौकट घातली. प्रस्तावाची छाननी, अभ्यासाची कार्यकक्षा ठरविणे, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीकडून मूल्यमापन असे तिचे टप्पे आहेत. मोठ्या कोळसा खाणींचे प्रस्ताव दिल्लीतील केंद्रीय तज्ज्ञ मूल्यमापन समितीपुढे जातात. अभ्यास करणारी सल्लागार संस्था प्रकल्पधारकाने नेमायची आणि तिचे मानधनही त्यानेच द्यायचे, ही या चौकटीतील सर्वपरिचित उणीव. जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि गणसंख्येची अट नाही. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. मूळ अहवाल, ज्यात भूजलाची आकडेवारी व नकाशे असतात, तो इंग्रजीत असतो. ज्या शेतकऱ्याची विहीर आटणार आहे त्याने ती विहीर कोणत्या पानावर आहे हे इंग्रजीत शोधायचे, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो.

लोहारा प्रकरण :

लोहारा हे गाव चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगलात आहे. त्याच्या उत्तरेला ताडोबा. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान झालेला ताडोबा आणि १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य यांचा मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. मात्र वाघ ही सीमा पाळत नाहीत, त्यांचा वावर भोवतालच्या प्रादेशिक वनांत असतो, आणि लोहाऱ्याचे जंगल अशाच वनांपैकी एक.

नोव्हेंबर २००७ मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाने लोहारा पश्चिम व लोहारा विस्तार हे कोळसा गट अदानी पॉवर या कंपनीला दिले. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे उभारावयाच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी हा कोळसा होता. त्यानंतर जेमतेम महिनाभराने, डिसेंबर २००७ मध्ये, महाराष्ट्र शासनाने ताडोबा-अंधारीचे गाभा क्षेत्र 'अतिसंवेदनशील व्याघ्र अधिवास' म्हणून घोषित केले. २००६ मध्ये सुधारलेल्या वन्यजीव कायद्यानुसार अशा गाभा क्षेत्राभोवती बफर क्षेत्र आखणे ओघानेच येत होते. एकीकडे दिल्लीत कोळसा मंत्रालय नकाशावर कोळशाचा गट पाहत होते, दुसरीकडे मुंबईत वन विभाग त्याच नकाशावर वाघाचा अधिवास आखत होता; दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहण्याचे काम मात्र कोणाच्याही कर्तव्यात बसत नव्हते.

पुढील घटना वेगाने घडल्या. मे २००८ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीच्या अभ्यासासाठी 'टर्म्स ऑफ रेफरन्स' म्हणजे कार्यकक्षा मंजूर केली. सप्टेंबर २००८ मध्ये तिरोडा केंद्रातील १३२० मेगावॅट विजेसाठी महावितरणबरोबर दीर्घ मुदतीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदेतून ठरलेला त्याचा समतुल्य दर प्रतियुनिट सुमारे २ रुपये ६४ पैसे होता. या दरामागे स्वतःच्या खाणीचा जवळचा व स्वस्त कोळसा गृहीत धरलेला होता. खाणीला पर्यावरणीय मंजुरी नव्हती, वनमंजुरी नव्हती. त्या कोळशावर आधारलेल्या विजेचा दर मात्र ठरून गेला होता.

चंद्रपुरात विरोध संघटित झाला तो २००९ मध्ये. इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी केलेल्या दीर्घ उपोषणाने या प्रश्नाला राज्यभर प्रसिद्धी मिळाली. आधीच औष्णिक केंद्राच्या राखेने व खाणींच्या धुळीने त्रस्त असलेल्या शहरातील वेगवेगळे गट त्यात एकत्र आले, हे या आंदोलनाचे वैशिष्ट्य होय. मे २००९ मध्ये जयराम रमेश यांनी केंद्रीय पर्यावरण खात्याचा कार्यभार स्वीकारला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रस्तावाचा फेरविचार केला आणि ताडोब्याच्या प्रस्तावित बफर क्षेत्राच्या कारणास्तव जानेवारी २०१० मध्ये मंत्रालयाने कार्यकक्षा मागे घेतली. त्याच वर्षी सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले.

या निर्णयाचे स्वरूप नीट लक्षात घेणे आवश्यक आहे. अंतिम मंजुरीच्या टप्प्यावर अहवालाची चिकित्सा करून ती नाकारली गेली, असे घडले नाही. दिलेली कार्यकक्षाच परत घेतली गेली. म्हणजे २००८ मध्ये छाननीच्या पायरीवर जे दिसायला हवे होते ते २०१० मध्ये दिसले. जंगल तेच होते आणि गाभा क्षेत्राची घोषणाही कार्यकक्षा देण्यापूर्वीची होती. मधल्या काळात बदलले ते लोकमत आणि मंत्री. प्रक्रियेने स्वतःच्या बळावर हा दोष शोधला असे म्हणण्यास आधार सापडत नाही.

न झालेल्या खाणीचा खर्च :

खाण गेली, करार राहिला. कंपनीने २०११ मध्ये करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली आणि तेथून दीर्घ वाद सुरू झाला. कोळसा गट उपलब्ध न होणे हा करारातील अर्थाने 'कायद्यातील बदल' ठरतो काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. तो बदल ठरला तर पर्यायी कोळशाचा वाढीव खर्च वीज विकत घेणाऱ्याकडून मागता येतो. व्यवसायातील नेहमीची जोखीम ठरली तर तो कंपनीने सोसायचा. राज्य वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये कंपनीला दिलासा दिला. विद्युत अपील न्यायाधिकरणातही तिची बाजू टिकली आणि महावितरणची अपिले सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

कायद्याच्या दृष्टीने तो वाद संपला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. वाघांच्या अधिवासालगतच्या जंगलात खाण नाकारली जाऊ शकते, ही शक्यता २००८ मध्ये निविदा भरणाऱ्यांना व स्वीकारणाऱ्यांना खरोखरच अनपेक्षित होती काय? कोळसा गटाचे वाटप हीच जवळजवळ परवानगी आहे, पर्यावरणाची मंजुरी ही पुढची औपचारिकता आहे, असे सर्वच पक्षांनी गृहीत धरले होते. शासनाच्या एका खात्याने दिलेले दुसऱ्या खात्याने काढून घेतले आणि तो फरक तिसऱ्याच्या हिशेबात आला. वितरण कंपनीवरील असा भार आयोगाच्या आदेशांमार्फत अखेर ग्राहकांच्या दरात उतरतो. औशातील पिठाची गिरणी किंवा मुखेडातील यंत्रमाग चालविणाऱ्याला लोहारा हे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल. परळीचे औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तेथेही केंद्राची क्षमता वाढविताना कोळशाचा हिशेब झाला. पाण्याचा प्रश्न दुष्काळाने विचारला.

२०१० नंतरची वाटचाल :

लोहाऱ्याच्या निर्णयाच्या आगेमागेच दोन व्यापक उपाय झाले. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर औद्योगिक क्षेत्राला ८३.८८ गुण मिळाले व ते देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चौथे ठरले. त्यावर जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ क्षेत्रांत नव्या प्रकल्पांच्या मंजुरीला तात्पुरती स्थगिती देण्यात आली. दुसरा उपाय म्हणजे वर्धा खोऱ्यासह देशातील नऊ कोळसा क्षेत्रांची 'गो' आणि 'नो-गो' अशी विभागणी. घनदाट जंगलाखालचा कोळसा आधीच वगळायचा, म्हणजे वाटप, करार व गुंतवणूक होण्यापूर्वीच 'नाही' म्हणायचे, अशी ही कल्पना होती. लोहाऱ्याचा धडा याहून नेमका उतरणे शक्य नव्हते. परंतु कोळसा व ऊर्जा खात्यांच्या विरोधापुढे ही विभागणी २०११ मध्ये मागे पडली आणि स्थगितीही टप्प्याटप्प्याने उठली.

एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्यातील एका कोळसा खाणीची मंजुरी जनसुनावणी नियमानुसार झाली नाही या कारणावरून रद्द केली. जनसुनावणी हा केवळ उपचार नव्हे, हे त्या निकालाने प्रस्थापित केले. कार्यपालिकेचा प्रवाह मात्र उलट दिशेने वाहत होता. कोळशाचे उत्पादन वाढविण्यासाठी चालू खाणींच्या विस्ताराला जनसुनावणीतून सूट देणारी परिपत्रके निघत गेली. सप्टेंबर २०१७ च्या परिपत्रकाने ही सूट टप्प्याटप्प्याने ४० टक्के क्षमतावाढीपर्यंत नेली. वर्धा खोऱ्यातील मंजुऱ्यांत विस्ताराचे प्रमाण मोठे असल्याने या सवलतीचा अर्थ येथे अधिक गंभीर होतो. मार्च २०१७ च्या अधिसूचनेने तर मंजुरीविना सुरू झालेल्या प्रकल्पांनाही मागाहून अर्ज करण्याची संधी दिली. अशा कार्योत्तर मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मनाई केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल परत घेतला. परवानगी कामाच्या आधी हवी की नंतर चालेल, हा प्रश्न १९९४ च्या अधिसूचनेला तीन दशके झाल्यावरही देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर मतभेदाचा राहिला.

दरम्यान २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनची कोळसा गटांची वाटपे बेकायदा ठरवून २१८ पैकी २०४ गट रद्द केले होते. वाटपाची जागा लिलावाने घेतली. क्रम बदलला नाही. जून २०२० मध्ये व्यापारी खाणकामासाठी लिलाव जाहीर झाला तेव्हा यादीत चिमूरजवळचा बंदर हा गट होता. तोही ताडोब्याच्या वन्यजीव मार्गावर. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिले आणि पुढच्याच महिन्यात तो गट लिलावातून वगळण्यात येत असल्याचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितले. लोहाऱ्याला दोन वर्षे लागली होती, बंदरला काही आठवडे पुरले. या वेळी कोणताही वीजकरार आड आला नाही, कारण तो झालेलाच नव्हता.

वाघ आणि नदी :

लोहारा व बंदर या दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरला तो वाघ. ताडोब्यातील वाघामागे स्वतंत्र कायदा, राष्ट्रीय प्राधिकरण, पर्यटनाचे उत्पन्न आणि देशभरातील सहानुभूती उभी आहे. याचा दुसरा अर्थ असा की, जेथे वाघ नाही तेथे खाणीला 'नाही' म्हणण्यासाठी प्रक्रियेजवळ तितके स्पष्ट परिमाण उरत नाही. सास्ती, पवनी किंवा घुग्घुस परिसरातील गावांच्या वाट्याला तुलनेने अटीच आल्या: पाणी फवारा, झाडे लावा, भूजल मोजा. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल प्रकल्पधारकानेच द्यायचा असतो.

नदीच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात उगम पावून हिंगोली, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांच्या सीमांवरून वाहते. हदगाव, हिमायतनगर, किनवट व माहूरच्या लोकांची ती जीवनदायिनी. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा तिचाच. पुढे तेलंगणाची सीमा आखत ती घुग्घुसजवळ वढा येथे वर्धा नदीला मिळते. वढा हे तीर्थक्षेत्र आहे आणि संगमाच्या भोवताली खाणींचा प्रदेश आहे. नांदेड या नदीच्या वरच्या अंगाला असल्याने खाणींचे पाणी नांदेडकडे येत नाही, म्हणून खाणीच्या अभ्यासात नांदेडचा विचार करण्याचे प्रयोजन नाही, असे वरवर वाटते.

प्रत्यक्षात संबंध उलट दिशेने आहे. ईसापूर धरणातून नांदेड, हिंगोली व यवतमाळच्या शेतीला पाणी मिळते आणि उन्हाळ्यात धरणाखालच्या पैनगंगेत पाणी सोडावे यासाठी काठावरच्या गावांना वारंवार मागणी करावी लागते. खाणीतून उपसलेले पाणी खाली नदीत मिसळते तेव्हा ते किती विरळ होईल हे नदीत त्या वेळी किती पाणी आहे यावर ठरते. आणि त्याचा मोठा भाग ईसापूरच्या पाळी-वेळापत्रकावर अवलंबून आहे. मूल्यांकनाचा अहवाल पावसाळा सोडून एखाद्या ऋतूतील मोजणीवर उभा राहतो आणि प्रामुख्याने खाणीभोवतीच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात पाहतो. धरण त्या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर आहे. शेजारच्या दहा खाणींचा एकत्रित परिणामही प्रत्येकीच्या स्वतंत्र अहवालात विखुरला जातो.

कोरपना तालुक्यातील खाणीची जनसुनावणी चंद्रपूर जिल्ह्यात होते, ईसापूरच्या पाण्याचे नियोजन जलसंपदा विभागाच्या कालवा सल्लागार समितीत होते आणि या दोन बैठकांची इतिवृत्ते एकमेकांच्या फाइलीत जात नाहीत. पैनगंगेच्या दोन्ही टोकांचा हिशेब एकाच जिल्हा कचेरीत येऊ शकला असता असा काळ १९५९ मध्ये राजुऱ्याबरोबरच नांदेडच्या हातून गेला.